तो, ती की ते

लाँड्रीत तिला सगळे कडकताई म्हणायचे. स्वभावाने ती मेणाहून मऊ होती; पण तिच्या हाताखालून गेलेली कॉलर चार दिवस मान टाकायची नाही, म्हणून ते नाव पडलं आणि चिकटलं. वीस वर्षं ती त्याच लाँड्रीत, त्याच वाफेच्या इस्त्रीपुढे उभी होती. मराठी घडाघडा वाचायची. इंग्रजीशी मात्र तिचा संबंध शर्टाच्या आतल्या लेबलापुरता, आणि तोही ते लेबल जळू नये एवढाच.

मग लाँड्रीला एका हॉटेलचं काम मिळालं आणि गाठोड्यांबरोबर इंग्रजी चिठ्ठ्या यायला लागल्या. पहिल्याच आठवड्यात तिने साठ नॅपकिनांना अशी खळ घातली की ते पत्र्यासारखे ताठ झाले. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'नो स्टार्च'. त्यातलं 'स्टार्च' तेवढं तिने खळीच्या पाकिटावरून ओळखलं होतं.

मालकीणबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी एक नॅपकिन उचलून टेबलावर उभा करून बघितला, तो उभा राहिला, तेव्हा त्यांना हसूच आलं. म्हणाल्या, "पोस्टाच्या वर वाचनालय आहे ना, तिथे दर रविवारी इंग्रजीचा वर्ग असतो. दहा ते बारा. फुकट आहे. जा तू."

"या वयात?"

"चाळिशी डोळ्यांना लागते गं, डोक्याला नाही."

कडकताई लगेच हो म्हणाली. इतक्या लगेच, की मालकीणबाईंना जरा नवल वाटलं. त्यांना कुठे ठाऊक होतं, की नॅपकिनांचं निमित्त झालं होतं.

अकरा वर्षांपूर्वी कडकताईला मूल झालं होतं. झालं होतं म्हणजे, जन्मलं तेव्हाच ते गेलेलं होतं. दिवस पूर्ण भरले होते. दुपारी अचानक पोटात कळ आली, नवऱ्याने सरकारी इस्पितळात नेलं, तिथे तिला भूल दिली, आणि ती शुद्धीवर आली ती दुसऱ्या दिवशी सकाळी. खाटेशी सासू बसली होती. कडकताईने पोटावर हात ठेवला आणि तिला कळलं.

"ते गेलं गं," सासू म्हणाली.

"मुलगा होता की मुलगी?"

सासूने तिचा हात धरला. "नको विचारू. कळलं की नाव सुचतं. नाव सुचलं की विसरता येत नाही."

सासू दुष्ट नव्हती. तिने स्वतःची दोन मुलं घालवली होती आणि त्यातून ती जे शिकली होती तेच सुनेला देत होती. महिनाभर तिने कडकताईला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू दिला नाही. पण त्या प्रश्नाचं उत्तरही दिलं नाही.

राहिला नवरा. तो वजनकाटे दुरुस्त करायचा. गल्लीत सगळे त्याला काटेवाला म्हणत. बाजारातल्या दुकानदारांचे काटे मापात आहेत की नाहीत ते तो पितळी वजनं ठेवून तपासायचा. माणूस मुळातच कमी बोलणारा. त्या पहिल्या वर्षात तिने त्याला दोनदा विचारलं. पहिल्यांदा तो पायात चपला सरकवून बाहेर निघून गेला. दुसऱ्यांदा त्याच्या हातात एका काट्याची स्प्रिंग होती, ती तो तुटेल इतकी ताणत गेला, तेव्हा तिनेच उठून ती काढून घेतली आणि म्हणाली, "राहू द्या. चहा करते." तिसऱ्यांदा विचारायचं तिला धाडस झालं नाही. पुढे मूलही झालं नाही. दोघांच्या घरात ती गोष्ट बंद खोलीसारखी राहिली. दोघंही त्या दारावरून अंग चोरून जात.

तीन वर्षांपूर्वी सासू गेली. तिची पत्र्याची पेटी आवरताना तळाशी, चष्म्याच्या जुन्या घरात, चौघडी केलेला एक कागद निघाला. वर इस्पितळाचा शिक्का, खाली नवऱ्याची सही, मध्ये निळ्या शाईत चार ओळी इंग्रजी. तारीख आकड्यात होती, ती तिला वाचता आली. तीच तारीख, बाळंतपणाची. उत्तर यात असणार, असं तिच्या मनाने घेतलं.

कागद तिने कुणाला दाखवला नाही. गल्लीतल्या शाळेत जाणाऱ्या कुठल्याही पोरीने तो वाचून दाखवला असता. पण मग त्या पोरीला सगळं सांगावं लागलं असतं. आणि ती गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून, चिंगम चघळताचघळता ऐकायची, हे तिला सोसणार नव्हतं. तिने तो कागद आपल्या वापरात नसलेल्या स्वेटरच्या खिशात ठेवला. कधीतरी आपणच वाचू, एवढं मनाशी ठरवलं. ते 'कधीतरी' साठ नॅपकिनांनी आणलं.

वर्गाचे मास्तर म्हणजे छापखान्यात चाळीस वर्षं प्रुफं तपासून निवृत्त झालेले गृहस्थ. खिशाला अजून लाल पेन्सिल. बोलणं तिरकस, पण कुणी चुकलं तर कधी हसायचे नाहीत. वर्गात जेमतेम आठ-नऊ माणसं. पहिल्या बाकावर एक टॅक्सीवाला, परदेशी गिऱ्हाइकांशी बोलता यावं म्हणून येणारा. कडकताईशेजारी एक जाडजूड भाजीवाली बसायची. तिची मुलगी इंग्रजीत भांडते आणि आपल्याला शिव्या कळत नाहीत, म्हणून ती आली होती.

पाच रविवार अक्षरं आणि नामं झाली. सहाव्या रविवारी मास्तरांनी फळ्यावर लिहिलं, 'सर्वनाम'.

"नाम म्हणजे कायमचा नोकर," ते म्हणाले. "त्याला एकाच वाक्यात चार-चारदा राबवलं तर तो दमतो आणि ऐकणारा कंटाळतो. म्हणून त्याच्या जागी बदली कामगार येतो. तो सर्वनाम. लिहून घ्या. आय म्हणजे मी."

"आमच्या घरी आय म्हणजे आई," भाजीवाली म्हणाली.

"घरी असू दे. इथे आय म्हणजे मी. यू म्हणजे तू, यू म्हणजे तुम्ही, यू म्हणजे आपण. इंग्रजाला धाकटा-मोठा कळत नाही. आता पुढे. ही म्हणजे तो."

वर्गात खसखस पिकली.

"आणि शी म्हणजे ती."

"काय हो मास्तर," टॅक्सीवाला म्हणाला, "ही म्हणजे तो आणि ती म्हणजे शी? घरी जाऊन बायकोला हे सांगितलं तर जेवण बंद होईल माझं."

मास्तरही हसले. हसणं ओसरल्यावर त्यांनी तिसरा शब्द लिहिला. "इट म्हणजे ते. टेबल, खुर्ची, दगड, धोंडा, कुत्रं, मांजर. ज्याला जीव नाही ते, आणि ज्याला जीव आहे पण ज्याच्याशी आपलं काही नातं नाही तेही."

मग त्यांनी फळा पुसला आणि एक गोष्ट नीट समजावून सांगितली. "आपलं मराठी क्रियापद चहाडखोर आहे. 'आला' म्हटलं की तो, 'आली' म्हटलं की ती, लगेच सांगून मोकळं. इंग्रजी क्रियापद तोंड शिवून बसतं. 'केम'. अरे, पण कोण केम? बाई की बाप्या? ते क्रियापद मेलं तरी सांगणार नाही. तेव्हा सर्वनामाकडे बघायचं. वाक्यात ही आहे का, शी आहे का. तेवढा एक शब्द सापडला, की सगळं कळलं."

कडकताईची पेन्सिल वहीवर थांबली. तेवढा एक शब्द.

ती त्या दिवशी भाजीवालीसाठी थांबली नाही. नवरा रविवारी बाजारात काटे तपासायला जायचा, घर रिकामं होतं. तिने दाराला कडी घातली, हात धुऊन पुसले, स्वेटरच्या खिशातून कागद काढला आणि खिडकीशी बसली. डॉक्टरचं अक्षर घाईचं होतं. सगळे शब्द लागत नव्हते. पण चार ओळी होत्या आणि चारही ओळींची सुरुवात त्याच दोन अक्षरांच्या शब्दाने होत होती.

इट. इट. इट. इट.

तिने 'शी' शोधला. 'ही' शोधला. बोट ठेवून एकेक शब्द पुढे सरकली, मग खालून वर आली. कागद उलटा करून मागे पाहिलं. मागे काही नव्हतं. आठ वर्षं एका म्हातारीने आणि तीन वर्षं तिने जपलेल्या त्या कागदाला तिच्याहून जास्त काही ठाऊक नव्हतं.

पुढच्या रविवारी मास्तरांनी विचारलं, "मागच्या पाठात काही अडलं का कुणाला?" कडकताईने हात वर केला. तिने वर्गात आजवर कधी हात वर केला नव्हता.

"मास्तर, बाळाला इट म्हणतात का?"

"म्हणतात की. मुलगा आहे की मुलगी हे माहीत नसेल तर म्हणतात. आपणही 'ते बाळ', 'ते लेकरू' म्हणतोच ना. त्यात वाईट काही नाही."

"आणि लिहिणाऱ्याला माहीत असेल तर?"

"तर मग लिहिणाऱ्याला फिकीर नसेल," मास्तर म्हणाले, आणि पुढच्या पाठाकडे वळले. वळता वळता त्यांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि त्यांचा खडू जरा थांबला.

वर्ग सुटल्यावर ती मागे राहिली. कागद त्यांच्या टेबलावर ठेवला. मास्तरांनी चष्मा लावून तो वाचला. सवयीने त्यांचा हात खिशातल्या लाल पेन्सिलीकडे गेला आणि तिथेच राहिला. मग त्यांनी एकेक ओळ मराठीत सांगितली. ते दुपारी चार दहाला जन्मलं. ते रडलं नाही. त्याचं वजन दोन किलो शंभर ग्रॅम भरलं. ते वडिलांच्या ताब्यात दिलं.

"एवढंच?"

"एवढंच."

"यात चूक आहे ना काहीतरी?"

मास्तरांनी चारही ओळी परत एकदा वाचल्या. "व्याकरणात चूक नाही, ताई," ते म्हणाले. "चाळीस वर्षांत इतकी बरोबर आणि इतकी चुकीची चार वाक्यं मी पाहिली नाहीत." थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "इस्पितळात प्रसूतीची नोंदवही असते. मी येऊ बरोबर?"

"नको. आधी घरात एकाला विचारायचंय."

काटेवाला घरी आला तेव्हा उन्हं उतरली होती. तो नेहमीसारखा जमिनीवर बैठक मारून हत्यारं पुसायला बसला. ती समोर जाऊन बसली आणि दोघांच्या मध्ये तिने कागद ठेवला. त्याने आपली सही ओळखली. तो उठणार हे तिला माहीत होतं, म्हणून तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"अहो, आज उठू नका."

तो उठला नाही.

"मुलगा होता की मुलगी?"

त्याने पुसायचं फडकं घडी केलं, उलगडलं, परत घडी केलं. "मला माहीत नाही."

"असं कसं? तुमच्या हातात दिलं होतं."

"आईने दिलं. पांढऱ्या कापडात बांधून. म्हणाली, उघडू नकोस, जड जाईल तुला. मी उघडलं नाही." तो फडक्याशीच बोलत होता. "तिथून पार स्मशानापर्यंत दोन्ही हातांवर घेऊन चालत गेलो. वाटेत तीनदा वाटलं, बघावं. कापडाची गाठसुद्धा सैल होती. धीर झाला नाही. नुसतं बाप म्हणवून घ्यायचं, आणि पोराचं तोंड बघायचा धीर नाही. तू विचारलंस तेव्हा काय सांगायचं होतं मी?"

कडकताईला वाटलं होतं, तो लपवतोय. अकरा वर्षं तिने मनातल्या मनात त्याच्याशी भांडण केलं होतं, त्याच्या गप्प बसण्याचा राग राग केला होता. आणि त्याच्यापाशी लपवायला काही नव्हतंच. ती रिकामी मूठ तो अकरा वर्षं आवळून बसला होता.

"वजन तेवढं हातांना ठाऊक आहे," तो म्हणाला. "दोन किलो दीडशे."

"यात दोन शंभर लिहिलंय."

"मग त्यांचा काटा पन्नास ग्रॅम कमी दाखवत असणार." हे तो इतक्या ठामपणे म्हणाला की तिला हसू फुटलं, आणि त्या हसण्याचं काय झालं कुणास ठाऊक, ती रडायला लागली. तोही रडला. लग्नाला सतरा वर्षं झाली होती. ती दोघं एकमेकांसमोर पहिल्यांदाच रडत होती.

मंगळवारी दोघांनी कामं बाजूला ठेवली आणि ती इस्पितळात गेली. रेकॉर्डची खोली तळघरात होती. दारातच टेबल टाकून एक बाई बसल्या होत्या, खांद्यावर शाल, पुढ्यात डबा उघडा. अकरा वर्षांपूर्वीची नोंद पाहिजे म्हटल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. "बारा वर्षांनी रद्दीत जातात वह्या. पुढच्या वर्षी आला असता तर शोधायलाही काही नसतं." मग कागद पाहिला आणि डब्याचं झाकण लावलं. पुढे काहीच न विचारता उठल्या, शिडी घेतली आणि तिसऱ्या रांगेतून एक जाडजूड वही खाली आणली. धुळीने तिघांनाही शिंका आल्या.

त्यांनी तारीख काढली. बोट खाली नेता नेता थांबल्या. "तुमचं नाव हेच ना? चार दहा. दोन किलो शंभर." मग मान वर करून, जरा हळू आवाजात, "सांगू मी?"

"नको," कडकताई म्हणाली. "मला वाचू द्या."

त्यांनी वही तिच्याकडे वळवली. काटेवाला खिडकीकडे तोंड करून उभा होता. तळघराच्या त्या खिडकीतून फक्त येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय दिसत होते, तेच तो बघत होता. कडकताईने पट्टी ओळीखाली धरली आणि एकेक रकाना वाचत गेली. चौथ्या रकान्यात एकच अक्षर होतं. एफ. वरती रकान्याचं नाव होतं ते तिने अक्षर अक्षर जुळवून वाचलं. लाँड्रीत हॉटेलच्या नोकरांचे कपडे यायचे त्यांच्या पिशव्यांवर एम आणि एफ लिहिलेलं असायचं. एफच्या पिशवीतले झगे ती रोज इस्त्री करायची.

"मुलगी," ती म्हणाली.

खिडकीशी काही हललं नाही.

"अहो, या. बघा आता."

तो आला. तिच्या खांद्यावरून वाकून त्याने त्या अक्षराकडे पाहिलं. बोट त्याच्याखाली ठेवलं आणि मापाच्या बारीक आकड्याकडे बघावं तसा डोळे बारीक करून बघत राहिला. रेकॉर्डवाल्या बाईंनी दोन खुर्च्या ओढून दिल्या आणि त्या डबा घेऊन बाहेर जिन्यावर जाऊन बसल्या. अर्ध्या तासाने आल्या तेव्हाही दोघं तशीच बसली होती.

जाताना कडकताईने विचारलं, "या कागदावर इट लिहिलंय. त्याचं शी करून मिळेल का?"

"जुन्या कागदावर खाडाखोड करता येत नाही हो ताई," त्या म्हणाल्या. "मला अधिकार नाही. असता तर केली असती."

कळलं म्हणजे बरं वाटेल, अशी कडकताईची समजूत होती. झालं उलटंच. इतकी वर्षं तिच्या मनात एक धुकं होतं. त्याला ना चेहरा, ना केस, ना आवाज. आता रस्त्याने जाणारी अकरा वर्षांची प्रत्येक मुलगी तिला दिसायला लागली. दप्तराचा पट्टा सावरणारी, भावाशी भांडणारी, दोन वेण्या घातलेली. बाळ अकरा वर्षांपूर्वी गेलं होतं. मुलगी मात्र त्या मंगळवारी गेली. बुधवारी ती इस्त्रीपुढे उभी राहिली आणि समोर कुणाच्या तरी मुलीचा शाळेचा झगा आला. तिने तो इस्त्रीखाली घेतला, पण झाकण खाली आणायचं हँडल ओढता येईना. मालकीणबाईंनी तिला घरी पाठवलं.

ती अंथरूण धरून पडली. ताप नव्हता, दुखत काही नव्हतं. काटेवाल्याने भात केला, तो करपला, परत केला. सासू म्हणाली होती त्यातलं एक मात्र खरं होतं: कळल्यावर नाव सुचायला लागलं. दिवसातून दहा नावं सुचायची. ती एकही मोठ्याने म्हणाली नाही.

रविवारी दहा वाजता काटेवाला वाचनालयाचा जिना चढून वर गेला. ती येणार नाही एवढं सांगून परत यायचं, असं त्याने ठरवलं होतं. दारात उभा राहून तो म्हणाला, "मी कडकताईचा नवरा. ती आज येणार नाही."

"का हो? बरी आहे ना?" भाजीवालीने विचारलं.

सगळा वर्ग त्याच्याकडे बघत होता. तो म्हणाला, "आमची मुलगी गेली."

एवढं बोलून तो खाली उतरला. अर्ध्या जिन्यात त्याच्या लक्षात आलं की आपण काय बोललो. पण परत वर जाऊन समजावून सांगायचं कसं, ते त्याला सुचेना.

वर मास्तरांनी वही मिटली. त्यांना सगळं कळलं होतं, पण त्यांनी कुणाचा गैरसमज दूर केला नाही. "आज वर्ग नाही," एवढंच म्हणाले.

दुपारी चारच्या सुमारास दार वाजलं. काटेवाल्याने उघडलं तर बाहेर भाजीवाली, टॅक्सीवाला आणि मास्तर. भाजीवाली त्याला बाजूला सारून आत गेली. कडकताई अंथरुणात उठून बसत होती, तिला तिने मिठीतच घेतलं. "काय झालं गं हे," ती म्हणाली. "केवढी होती पोर? एका शब्दाने कधी बोलली नाहीस."

कडकताईने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली.

"अकरा वर्षं झाली," कडकताई म्हणाली. "म्हणजे... जन्मली तेव्हाच गेलेली होती."

टॅक्सीवाल्याने मास्तरांकडे पाहिलं. पाहुण्यांचा गोंधळ झालाय, आता ही माणसं अवघडून उठतील, असं कडकताईला वाटलं. पण भाजीवालीने मिठी सोडली नाही.

"मग काय झालं?" ती म्हणाली. "आम्हाला आजच कळलं ना."

"मलाही मंगळवारीच कळलं," कडकताई म्हणाली.

अकरा वर्षांपूर्वी कुणी भेटायला आलं नव्हतं. शेजारणी दारावरून जाताना आवाज खाली करायच्या, एवढंच. जे घरात आलंच नाही त्याच्यासाठी कुणी कशाला येईल, असं तेव्हा सगळ्यांनाच वाटलं, तिलाही. आज टॅक्सीवाला जमिनीवर मांडी घालून बसला. मास्तर पत्र्याच्या पेटीवर टेकले. काटेवाल्याने चहा टाकला. चहात साखर पडली नव्हती, पण कुणी बोललं नाही.

"पोटात असताना कशी होती गं?" भाजीवालीने विचारलं. "शांत होती की दांडगी?"

हे तिला कुणी कधी विचारलं नव्हतं. कडकताईला आधी वाटलं, आपल्याला काही आठवणारच नाही. मग ती म्हणाली, "दांडगी होती." आणि एकेक आठवायला लागलं. शेवटच्या महिन्यापर्यंत ती कामाला जात होती. इस्त्रीची वाफ सुस्स करून सुटली की पोटात लाथ बसायची. दर वेळी. बाकीच्या बायका मुद्दाम वाफ सोडून बघायच्या. थंड पाणी प्यायलं की पोर अंग चोरून घ्यायची. आणि दुपारी जेवण झालं की तिला उचकी लागायची.

"पोटात उचकी?" टॅक्सीवाल्याने विचारलं.

"लागते," भाजीवाली म्हणाली. "तुला काय कळणार."

काटेवाला स्वयंपाकघराच्या दारात पातेलं हातात घेऊन उभा होता. "उचकी लागायची?" तो म्हणाला. "मला कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही दुपारी घरी नसायचात."

"किती वेळ लागायची?"

"पाव तास. कधी अर्धा तास. मी पोटावर हात फिरवत बसायची. मग तिची थांबायची."

तो पातेलं खाली ठेवून आला आणि तिच्याशेजारी बसला. तिने त्याचा हात घेऊन आपल्या पोटाच्या डाव्या बाजूला, बरगडीखाली ठेवला. "इथे," ती म्हणाली. "पाय असायचा तिचा इथे. टाच कळायची."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला आणि तसाच हातात धरून ठेवला. टॅक्सीवाल्याचा फोन दोनदा वाजला, त्याने तो बंद करून टाकला. कडकताई बोलत राहिली. बाहेर अंधारायला लागलं तरी दिवा लावायला कुणी उठलं नाही.